गळा आणि वही

हा अंक तीन महिने उशिरा तुमच्या हातात पडतोय. नेहमीचं कारण पैशाचं, आणि ते खोटं नाही. मागची उधारी फिटेपर्यंत कागदवाला नवा कागद द्यायला तयार नव्हता. माझे कंत्राटाचे दिवस मधेच तुटले, बाकीच्या दोघांचे खिसे तर कायमचेच फाटके. पण या खेपेला आणखी एक कारण आहे. अंक जुळवून तयार होता. तो मीच मोडला. का मोडला ते सांगतो.

गोदीत आमच्या आधीच्या पिढीचा एक माणूस होता. टोळीतले सगळे त्याला मामा म्हणायचे, मीही म्हणायचो. गाव बीडकडचं. १९७२ च्या दुष्काळात ते सुटलं. आधी वर्षभर दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, अमेरिकेचा लाल मिलो खाल्ला, आणि मग एक दिवस एका पिशवीनिशी मामा बोरीबंदरला उतरला. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं पाठीवर गोणी आणि हातात आकडा. तेव्हा टोळ्या होत्या, जहाजाच्या पोटात उतरून माणसं माल काढायची. आता बराचसा माल कंटेनरात बंद होऊन खाडीपलीकडे न्हावा-शेव्याला उतरतो. इकडे आम्ही उरलेसुरले, कंत्राटाच्या पासावर आत जाणारे. रिटायर झाला तरी मामा सकाळी यलो गेटाबाहेरच्या टपरीवर यायचाच. म्हणायचा, "घरी बसलो की कंबर दुखती. हितं तुमाला बगितलं की माझं दुखनं तुमच्याकडं जातं."

दोन वर्षांपूर्वी त्याने मला एक वही दाखवली. हिशेबाची, लाल कापडी पाठीची, कडा तेलकट झालेली. आत गाणी. काही पेनाने, काही शिसपेन्सिलीने, सुरवातीची काही दुसऱ्याच्याच अक्षरात, कारण तेव्हा मामाला लिहिता येत नव्हतं. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर चाल लिहिलेली, कुठल्या सिनेमाची, कुठल्या भजनाची. शेवटच्या कडव्यात शाहिरी रिवाजाने स्वतःचं नाव. एक गाणं मनीऑर्डरीवर होतं. गावाकडे बायको पोस्टमनपुढे अंगठा उठवते. पैसे सावकार दारातूनच घेऊन जातो. बायकोच्या हाताला फक्त शाई लागते, आणि तीच शाई ती पोराच्या कपाळाला लावते. बापाकडून आलेलं तेवढंच घरात राहतं.

मामा म्हणाला, "तू छापतोस म्हनं. ह्यातलं एकांदं बग चालतंय का."

मी चार पानं चाळली. यमकाला यमक, सिनेमाची चाल. आणि मी मॅट्रिक पास, मुक्तछंदात लिहिणारा, वर संपादक. मी म्हणालो, "मामा, हे गाणं आहे. आम्ही कविता छापतो."

मामा हसला. "मग गानंच हाय की. कविता हाय म्हून कुटं म्हनलो मी?" वही पिशवीत गेली. मी चहाचे पैसे दिले. मला वाटलं, मिटलं.

या पावसाळ्याच्या तोंडाला मामा गेला. दहाव्या दिवशी मी खोलीवर गेलो, वही मागितली. सून म्हणाली, "ती व्हय? माळ्यावर भिजली व्हती. रद्दीत घातली." रद्दीवाल्याकडे गेलो. त्याने छपराला टेकलेला ढीग दाखवला आणि म्हणाला, "कुठली वही? इथं सगळ्या वह्याच आहेत."

सुनेला मी दोष देत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथे भिजलेला कागद कोण ठेवणार? तिने वही पोत्यात घातली एवढंच. ती रद्दी आहे हे मी ठरवलं होतं, दोन वर्षं आधी, टपरीवर, चहा पिता पिता.

०००

"हे गाणं आहे, कविता नाही." हे वाक्य माझं नव्हतं. मी ते शिकलो. शाळेत शिकलो, मासिकांतून शिकलो, व्याख्यानांतून शिकलो. कविता म्हटली की कवीचं नाव, गाव, जन्मसाल, पुस्तकांची यादी. लोकगीत म्हटलं की खाली नाव नाही, जणू ते दगडाला फुटलं. ज्यांचं लिहून झालं ते साहित्यिक, ज्यांचं गाऊन झालं ते लोक. पांढरपेशांनी घातलेली ही भिंत आम्ही शिव्या देत देत ओलांडली आणि आत गेल्यावर तिलाच पाठ टेकून बसलो. प्रस्थापितांनी आमच्या कविता परत पाठवल्या तेव्हा आम्ही केवढा गदारोळ केला! मामाची वही परत केली तेव्हा गदारोळ करायला कोणी नव्हतं. मामा तर हसत होता.

म्हणून या संपादकीयात मला एकच गोष्ट मांडायची आहे. गाव सोडून पोटामागे निघालेल्या माणसाचं जगणं आपल्याकडे दोन ठिकाणी साठलेलं आहे, गळ्यात आणि वहीत. एकट्या गळ्यात ते टिकत नाही. एकट्या वहीत ते पोचत नाही. या दोघांची ज्यांनी ताटातूट केली त्यांनी आमच्या माणसांना दुसऱ्यांदा गावाबाहेर घातलं.

आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षराची बंदी होती. गळ्याला बंदी घालता आली नाही. म्हणून जे काय साठलं ते जात्यावर, मोटेवर, तमाशात, जलशात. आधी सत्यशोधकांचे जलसे झाले, मग आंबेडकरी जलसे. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढलं. पण ज्या वस्तीत वाचणारा एकच, तिथे त्या अंकातला विचार गेला तो वाचणाऱ्याच्या तोंडून आणि डफावरच्या थापेतून. तेव्हा छापील पान आणि गळा यांची दुश्मनी नव्हती. एक काम करणारे दोन हात होते ते.

०००

अण्णा भाऊ साठे घ्या. १ ऑगस्ट १९२० चा जन्म, वाटेगाव, वाळवे तालुका. मातंग समाज. शाळा नावापुरती. पोरवयात बापाबरोबर पायी चालत मुंबईला. मिळेल ते काम केलं, गिरणीत राबले, पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात संसार. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. या एका माणसाने पोवाडा लिहिला, लावणी लिहिली, लोकनाट्य लिहिलं, कथा लिहिली, 'फकिरा' लिहिली. त्याने कधी विचारलं नाही की हे गाणं आहे की साहित्य.

त्याच वाळवे तालुक्यातले पठ्ठे बापूराव. त्यांनीही मुंबईवर लावणी रचली, आणि तिच्यात मुंबईची शान आहे. अण्णा भाऊंनी 'मुंबईची लावणी' लिहिली तेव्हा श्रीमंतांची मुंबई आणि राबणाऱ्यांची मुंबई एकाच गाण्यात समोरासमोर उभी केली. साचा जुना, शहर तेच, पण बघणारा आता फरशीवर झोपणारा होता.

आता त्यांच्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. एक 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड. दुसरी 'स्मशानातील सोनं' ही कथा.

छक्कड सुरू होते ती नवराबायकोच्या ताटातुटीवर. तो मुंबईला, ती गावात. गाव सोडलेल्या कुठल्याही गड्याला ती आपली वाटते, त्याला कुठलं राजकारण कळायची गरज नाही. आणि मग बघता बघता ती गावावर राहिलेली मैना म्हणजे संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख होतो. एका गड्याच्या पोटातली कळ हजारोंच्या सभेची मागणी होते. गाणं हे असं करतं. एकट्याचं दुःख उचलून चौकात आणून ठेवतं.

कथा उलट्या दिशेने जाते. वारणेकाठचा भीमा मुंबईत येतो, उपनगरातल्या खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. ही सार्वजनिक गोष्ट, वर्तमानपत्रात दोन ओळींची. पण कथा तिला एका माणसाच्या घरात नेते, मग मसणवट्यात नेते, आणि शेवटी त्याच्या बोटांपर्यंत नेते. पोटासाठी तो मढ्याच्या राखेत सोनं चाळतो. कोल्ह्यांशी झुंज होते, बोटं जातात, आणि त्याच सुमाराला खाण पुन्हा सुरू होते. दगड फोडायला आता बोटं नाहीत.

आमच्या धंद्यात बोट जाणं म्हणजे काय, ते मला कथेतून शिकायला नको. स्लिंगखाली आमच्यातल्या एकाची दोन बोटं गेली. कंत्राटदाराच्या कागदात तो त्या पाळीला हजरच नव्हता. त्याच्यावर गाणं झालं असतं तर त्याची कळ सगळ्या बंदराला कळली असती. पण पाळी कुठली, शेड कुठलं, पास कुणाच्या सहीचा, हे गाण्यात मावत नाही. त्याला कथा लागते, वही लागते. आणि नुसती वही असेल तर ती कोर्टाच्या कपाटात पडते, बंदराला कळत नाही. दोन्ही लागतं दोस्तहो, दोन्ही.

०००

वामनदादा कर्डकांची गोष्ट तुमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक असेल, तरी पुन्हा सांगतो. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा माणूस, १९२२ चा जन्म. मुंबईत आला, पडेल ती मजुरी केली. शिवडीच्या चाळीत एका माणसाने त्यांच्यापुढे गावाकडून आलेलं पत्र धरलं, जरा वाचून दाखव म्हणाला. वामनदादांना वाचता येत नव्हतं. त्या दिवशी ते रडले आणि मग अक्षर शिकले. नंतर २००४ पर्यंत, मरेपर्यंत, गाणी. 'वाटचाल' आणि 'मोहळ' हे त्यांचे संग्रह निघाले, पण संग्रह न पाहिलेल्या लाखोंच्या तोंडी ती गाणी आहेत.

या गोष्टीत मला रडण्यापेक्षा पत्र मोठं वाटतं. परागंदा माणसाचं पहिलं साहित्य म्हणजे ते पत्र. पाऊस पडला का, म्हैस विकली, धाकटीला ताप आहे, पैसे लवकर धाड. लिहिणारा दुसराच, वाचणारा तिसराच, दुःख मात्र चौथ्याचं. आमचा एवढा मोठा लोककवी अशा एका पत्राने घडवला. गळा आधीच होता, पत्राने त्याला वहीकडे ढकललं.

आणि दया पवार. 'बलुतं' १९७८ साली आलं. मी ते तीनदा वाचलंय, आणि तीनही वेळा एका जागी थांबलोय. त्यांचा बाप सुक्या गोदीत कामाला होता. कावाखान्यातली ती दाटीवाटी, कागद-काच-चिंध्या गोळा करणाऱ्या बाया, गाव आणि मुंबई यांच्यात हिंदकळणारं पोर. माझ्या बंदराचा पत्ता मराठी पुस्तकात पहिल्यांदा मला तिथे सापडला. त्याच दया पवारांनी धरणावर राबणाऱ्या बाईचं गाणं लिहिलं, दळणकांडणाच्या चालीचं. ते मोर्च्यात गातात. गाणाऱ्या कित्येक बायांना कवीचं नाव माहीत नसतं, आणि 'बलुतं' शिकवणाऱ्या कित्येक प्राध्यापकांना ते गाणं म्हणता येत नाही. एकाच माणसाचे दोन तुकडे करून दोन वस्त्यांत वाटलेत. हे कोणी केलं? आपणच चालवून घेतलं.

जात्यावरच्या ओव्यांचं बघा. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि त्याच्याबरोबर ओवीही जाणार होती. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकात कार्यकर्त्यांना घेऊन खेडोपाडी त्या गोळा करायला सुरवात केली, आणि एक लाखावर ओव्या लिहून निघाल्या. त्यात सासुरवास आहे, तसा बाबासाहेबही आहे. पण मला त्यातलं सगळ्यात मोठं काम कुठलं वाटतं? ओवीखाली गाणारणीचं नाव आणि गाव आहे. 'लोक' म्हणून नाही सोडलं. माणूस म्हणून लिहिलं.

०००

हे आपल्याकडेच आहे असं नाही. ज्या देशातल्या ब्लॅक पँथरांवरून आपल्या पोरांनी १९७२ साली दलित पँथर हे नाव घेतलं, त्याच अमेरिकेतली गोष्ट सांगतो.

१९३० नंतरच्या दशकात तिकडे ओक्लाहोमा आणि आसपासच्या मुलखात दुष्काळ पडला, धुळीची वादळं उठली. बँकांनी आणि जमीनदारांनी कुळांना हुसकलं. मोडक्या मोटारीत बिऱ्हाड भरून माणसं कॅलिफोर्नियाच्या मळ्यांकडे निघाली. तिथे त्यांना 'ओकी' म्हणून हिणवायचे, जसं आपल्याकडे कुणाच्या मुलखाचीच शिवी होते. जॉन स्टाइनबेकने त्यांच्यावर कादंबरी लिहिली, 'द ग्रेप्स ऑफ रॉथ', १९३९ साली. दुसऱ्या वर्षी सिनेमाही निघाला. वुडी गथ्री हा त्याच ओक्लाहोमाचा, गिटार घेऊन मजुरांच्या छावण्यांत हिंडलेला माणूस. त्याने सिनेमा पाहिला आणि अख्खी कथा एका लांबलचक गाण्यात घातली. नाव 'टॉम जोड'. ते इतकं लांब झालं की तबकडीच्या एका बाजूला मावेना, दोन तुकडे करून भरावं लागलं. कशासाठी केला हा खटाटोप? ज्यांच्यावर कादंबरी लिहिली त्यांच्याकडे कादंबरी घ्यायला पैसे नव्हते, सिनेमाच्या तिकिटालाही नव्हते. गाण्याला तिकीट नाही.

ही झाली वहीकडून गळ्याकडे येण्याची गोष्ट. आता उलटी ऐका.

स्टाइनबेकच्या कादंबरीतलं कुटुंब गोरं आहे. त्याच मळ्यांत राबणारे मेक्सिकन मजूर तिच्यात कडेलाच राहिले. २८ जानेवारी १९४८ ला अशा मेक्सिकन मजुरांना परत हाकलण्यासाठी नेणारं विमान कॅलिफोर्नियात लॉस गॅटोस खिंडीत कोसळलं. बत्तीस मेले, त्यात अठ्ठावीस मजूर. बातम्यांत विमानातल्या नोकरांची आणि पहारेकऱ्याची नावं आली. मजुरांना एकच नाव, 'हद्दपार'. फ्रेस्नोच्या दफनभूमीत अठ्ठावीसांना एका खड्ड्यात पुरलं, वर नावं नाहीत. गथ्रीला हे सहन झालं नाही. त्याने त्यावर कविता लिहिली, 'डिपोर्टी'. दहाएक वर्षांनी मार्टिन हॉफमन नावाच्या माणसाने तिला चाल लावली आणि ते गाणं जगभर गेलं.

पण गाण्यालाही खरी नावं माहीत नव्हती. त्याला एवढंच माहीत होतं की नावं होती आणि ती घेतली नाहीत. ही बोच त्याने साठ वर्षं जिवंत ठेवली. मग टिम हर्नांडेझ नावाचा, शेतमजुरांच्याच घरातला एक लेखक उठला, कागद धुंडाळत, घरं शोधत निघाला. २०१३ साली त्या खड्ड्यावर अठ्ठावीस नावांचा दगड बसला. २०१७ साली त्याचं पुस्तक आलं, आणि पुस्तकाचं नाव त्याने त्या गाण्यातल्याच शब्दांवरून घेतलं.

गाण्याने खपली धरू दिली नाही, पुस्तकाने नाव-पत्ता लिहिला. गाणं नसतं तर शोधायला कोणी निघालंच नसतं. पुस्तक नसतं तर गाणं जन्मभर बिननावाच्या माणसांसाठीच रडत राहिलं असतं. गळा आणि वही म्हणतो मी ते याला.

०००

आता आपल्याकडे या. ८ मे २०२०. टाळेबंदी. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर भुसावळला गाडी मिळेल म्हणून रुळावरून चालत निघाले. बदनापूर ते करमाडच्या दरम्यान थकून रुळावरच झोपले. पहाटे मालगाडी गेली. सोळा जण मेले. रुळावर पडलेल्या भाकरीचा फोटो तुम्हीही पाहिलाय.

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीत बैठक होती. मी विचारलं, त्या सोळांतलं एक तरी नाव कुणाला माहीत आहे का? चाळीस माणसं बसली होती. कुणी बोललं नाही. मलाही येत नव्हतं. वर्तमानपत्रात नावं आली होती, मी ती वाचलीही होती. पण ती कोणी माझ्या कानात गाऊन सोडली नव्हती, म्हणून राहिली नाहीत. भाकरी राहिली. फोटोतली भाकरी लक्षात ठेवणं सोपं, ती खाणारा तोंड वर करून विचारत नाही, माझं नाव काय?

दर दिवाळीच्या सुमाराला बीडकडून उसाचे ट्रक निघतात. नवराबायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाच्या हिशेबात माणसाचं नावच हत्याराचं झालं. उचल घेतलेली, पोरं ट्रकवर, म्हातारी गावात राखणीला. मामा बीडचाच होता. पन्नास वर्षांत दुष्काळ बदलला, रस्ता बदलला, गावाने मात्र माणसं बाहेर टाकणं थांबवलं नाही. त्या फडातल्या रात्री कोण काय गातं ते आपल्या कुठल्या अंकात आलं? आपण शहरातल्या संतापावर अंकामागून अंक काढले. संताप खरा होता. पण तो जिथून चालत आला त्या वाटेचं गाणं आपण ऐकलं नाही.

०००

आमच्यातलेच काही जण म्हणतील, आणि परवा एकाने म्हटलंच, "गाणं टाळ्या खातं, विचार खात नाही. जयंतीला डीजेवर वाजतात तीही गाणीच. तीही छापणार काय?"

प्रश्न रास्त आहे. मी उडवून लावत नाही. नुसता जयजयकार करणारं गाणं गळ्याला गुंगी आणतं. बाबासाहेबांचं नाव दहा वेळा घेतलं की माझ्या फाटक्या पासाबद्दल बोलायला नको, अशी सोय ते करून देतं. त्या गाण्यात कुणाचं गाव नसतं, कुठलं साल नसतं, मुकादम नसतो, भाव नसतो, मजुरी नसते. ते वहीपासून तुटलेलं आहे, म्हणून ते कुणालाही विकता येतं. पण तसंच आमच्या कवितेचंही झालंय. गळ्यापासून तुटलेली कविता चार मित्र आणि दोन समीक्षक वाचतात, आणि त्यातलाही एक समीक्षक नोकरीच्या मुलाखतीसाठी वाचतो. माझी कविता माझ्या आईला कळत नाही. मामाचं मनीऑर्डरीचं गाणं मी तिला सांगितलं, नुसतं सांगितलं, चाल नाही, शब्दही धड नाहीत. ती धुणं पिळायची थांबली. म्हणाली, "माज्या आयचाबी अंगठा असाच निळा असायचा."

यापेक्षा मोठं परीक्षण मला कुठल्या मासिकात मिळणार आहे?

आणि गाण्याला विचार पेलत नाही म्हणणाऱ्यांनी शाहीर विलास घोगरे आठवावा. मुलुंडच्या झोपडपट्टीतला माणूस. आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' सिनेमात त्याचं गाणं आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. चार दिवसांनी घोगरेने गळफास घेतला. ज्याला गाणं म्हणजे नुसत्या टाळ्या, तो असं करत नाही. त्याच्यावरून सुरू झालेला 'जय भीम कॉम्रेड' हा सिनेमा २०११ साली पुरा झाला. सिनेमात गाणं राहिलं म्हणून आज आपल्याला घोगरे ऐकू येतो. जे सिनेमात आले नाहीत, त्यांच्या वह्या कुठल्या ढिगात आहेत?

०००

म्हणून तयार अंक मी मोडला. माझ्या तीन कविता काढल्या, बाकीच्या दोघांच्याही एकेक काढल्या. दोघांनी शिव्या दिल्या आणि मग काढून दिल्या. त्या जागी नऊ गाणी आहेत. गोदीतली, नाक्यावरची, एक ऊसफडातून आलेलं, दोन आमच्याच गल्लीतल्या म्हाताऱ्यांची. प्रत्येकाखाली गाणाऱ्याच्या परवानगीने नाव आहे, सुटलेलं गाव आहे, सुटल्याचं साल आहे, काम काय केलं ते आहे, आणि चाल कुठली ते आहे. कुठल्याही गाण्याखाली 'पारंपरिक' असं लिहिलेलं नाही. यमक जिथे ओढूनताणून आलंय तिथे ते तसंच ठेवलंय. शुद्धलेखनाचा रंधा मारलेला नाही. मारायला गेलो तर मामा हसेल अशी भीती वाटते.

यापुढे प्रत्येक अंकात हे पान राहील. तुम्ही काय करायचं? घरी जा. आईला, आजीला, रिटायर झालेल्या बापाला विचारा, गाव सोडलं तेव्हा काय म्हणायचात? पहिल्यांदा ते "काय नाय" म्हणतील. बसून राहा. दुसऱ्यांदा विचारा. फोनवर आवाज भरून घ्या आणि त्याच रात्री कागदावर उतरवा, कारण फोन फुटतो. नाव, गाव, साल विसरू नका. अनुवाद करू नका, शोभिवंत करू नका. आणि आमच्या पोरांना माझं सांगणं, कविता लिहा, कथा लिहा, पण महिन्यातून एकदा ती वस्तीत मोठ्याने वाचा. जिथे माणसं उठून जातील तिथे खूण करा.

मामाचं मनीऑर्डरीचं गाणं या अंकात नाही. ते कुठेच नाही. ज्या पानावर ते यायला पाहिजे होतं ते पान कोरं ठेवलंय. छापखान्यात कोणी चूक केली असं समजू नका. चूक माझी आहे, आणि ती दिसावी म्हणून जागा सोडली आहे. मामाच्या टोळीतल्या कुणाला त्यातलं एखादं कडवं आठवत असेल तर त्या पानावर पेनाने लिहा आणि अंक आमच्याकडे परत पाठवा.

जयभीम.